३३ दातांचा गिअर: बडोद्यातल्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

सकाळीच मावशीचा फोन, मशीन बंद पडलंय. दांडिया बाजारात मागच्या खोलीत तिचा पापडाचा गृहउद्योग आहे, तिथलं पीठ मळायचं मशीन तिच्या सासऱ्यांनी सेकंडहँड घेतलेलं, नेमप्लेट कधीच गेली, सगळी बॉडी बिडाची, आणि अजूनही उडदाचं घट्ट पीठ असं मळतं की हाताला चिकटत नाही. गार्ड काढला तर मोठ्या गिअरचे सलग दोन दात मुळातून गेलेले, तिसऱ्याला तडा. खालच्या ग्रीसमध्ये लोखंडाचा बारीक चुरा, बोटावर घेतला तर मिठाईवरच्या वर्खासारखा चमकतोय. हा गिअर मूळचा नाही, तीन वर्षांपूर्वी बाहेर एका शॉपमध्ये करून घेतलेला. तेव्हापासून "अरे, गुरगुरतंय बघ हे" असं मावशी म्हणायची आणि मी ग्रीस भरून यायचो. तेव्हाच मोजायला पाहिजे होतं.

होळीनंतर पापडाचा हंगाम, तोपर्यंत मशीन पक्कं व्हायला हवं, चार जणींचा रोज त्यावर आहे. मी मकरपुऱ्यात मशीन शॉपमध्येच असतो पण दात पाडायचं काम आम्ही कायम बाहेर देतो, त्यामुळे ठरवलं की या वेळी नुसता गिअर नाही बदलायचा, एकच गिअर किती पद्धतींनी होतो, कुठे काय फरक पडतो हे स्वतः करून बघायचं आणि लिहून ठेवायचं.

७ जानेवारी

मोजमाप. तुटलेल्या गिअरला ३३ दात, पिनियनला, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरला, २०. दोन्हीत कॉमन फॅक्टर नाही, म्हणजे पिनियनचा प्रत्येक दात गिअरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि घासायचं ते सगळीकडे सारखं घासतं. ज्याने मूळ डिझाइन केलं त्याला काम येत होतं.

गिअरचा ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, ८७.४ मिलिमीटर, सरळ हिशोब, (३३ अधिक २) गुणिले २.५, मॉड्यूल (दाताचं माप) २.५. पिनियनचा ओडी यायला पाहिजे ५५, आला ५५.८. आधी वाटलं व्हर्नियरच चुकतोय. मग डिस्क मायक्रोमीटर आणला आणि दातांवरून माप घेतलं. तीन दातांवर किती, दोन दातांवर किती, दोन्हीची वजाबाकी केली की बेस पिच, म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतर, मिळतो, आणि हे माप ओडी घासला असला तरी फसवत नाही. पिनियन: १९.४४ आणि ११.७२, फरक ७.७२. तुटलेला गिअर: चार दातांवर २६.८८, तीनवर १९.५०, फरक ७.३८.

इथेच सगळं कळलं. ७.३८ म्हणजे मॉड्यूल २.५, प्रेशर अँगल (दात एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) २०. ७.७२ म्हणजे १० डीपी (डायमेट्रल पिच, दाताचं इंची माप), प्रेशर अँगल साडेचौदा. जुनं इंची मशीन! १० डीपी म्हणजे मॉड्यूलच्या भाषेत २.५४, डोळ्याला २.५ सारखंच दिसतं, म्हणून तेव्हा गिअर करणाऱ्याने ओडी मोजून २.५ धरलं आणि पिनियन तसाच ठेवला. दोघांचा बेस पिच वेगळा असेल तर एक दात सुटायच्या आत पुढचा नीट पकडतच नाही, दर दाताला छोटी टक्कर होते. तीन वर्षं ते गुरगुरणं हेच होतं.

पिनियन भिंगाखाली धरला तर दात मुळाशी कमरेसारखे बारीक झालेले. साडेचौदा अंशात ३२ पेक्षा कमी दात असले की अंडरकट होतो, मूळ पोखरलं जातं, २० अंशात ती मर्यादा १७ वर येते. पुस्तकात वाचलेलं, पण नखाने ती खाच पहिल्यांदा चाचपली.

सेंटर डिस्टन्स, म्हणजे दोन शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर: दोन्ही शाफ्ट एक इंची, बाहेरून बाहेर ९२.७, म्हणजे सेंटर ६७.३१. मॉड्यूल २.५ ची जोडी मात्र ६६.२५ मागते. एक मिलिमीटर सहा शतांश जास्त. बॉडी बिडाची, बेअरिंगच्या जागा सरकवता येत नाहीत.

८ जानेवारी, रात्री

दोन रस्ते. एक, १० डीपी साडेचौदाचा कटर मिळवायचा. दिवसभर फोन केले, जिथे हॉबिंग (हॉब नावाच्या फिरत्या कटरने दात पाडणं) होतं तिथे मॉड्यूलचेच हॉब आहेत, डीपीचा ऑर्डर देऊन करून घ्यावा लागेल आणि दोन गिअरसाठी ते परवडत नाही. दुसरा रस्ता, दोन्ही नवीन करायचे, मॉड्यूल २.५, अंश २०, पण करेक्शन देऊन, म्हणजे दात मुद्दाम थोडे बाहेर सरकवून ६७.३१ वर बसवायचे.

भाची कलाभवनात मेकॅनिकलला आहे. आता ती फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी पण घरात सगळे अजून कलाभवनच म्हणतात, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं. ती म्हणाली, मामा, इनव्होल्यूटची, म्हणजे दाताच्या बाजूच्या वक्ररेषेची, सगळी गंमत याच्यातच आहे, सेंटर थोडं लांब गेलं तरी रेशो तोच राहतो, फक्त चालताना प्रेशर अँगल बदलतो. हिशोब तिने केला, मी तपासला: चालू अँगल २२.३५ अंश, दोघांचं मिळून करेक्शन ०.४५. त्यातलं ०.३० पिनियनला, ०.१५ गिअरला, कारण लहान असल्यामुळे पिनियन कमजोर, त्याच्या दाताला बुडाशी जाडी मिळू दे. ओडी येतो गिअरचा ८८.१ आणि पिनियनचा ५६.४. स्पॅन, म्हणजे दातांवरचं माप, गिअरला चार दातांवर २७.२४, पिनियनला तीन दातांवर १९.६६, त्यातून बॅकलॅशसाठी (दातांमधल्या मोकळ्या जागेसाठी) पाच-सहा शतांश कमी करायचे.

लोडही काढला. मोटर १ एचपी, १४४० ची, पट्ट्याने ४८० वर उतरते, तर दातावर साधारण ६० किलोचा जोर. २५ रुंदीच्या ईएन८ स्टीलच्या दाताला हे काहीच नाही. म्हणजे दात तुटले ते मटेरियलमुळे नाही, चुकीच्या जोडीमुळे तुटले.

११ जानेवारी

मशीन तोपर्यंत बंद ठेवता येत नाही म्हणून आमच्याच मिलिंगवर तात्पुरती जोडी केली, करेक्शनशिवाय, साधी मॉड्यूल २.५. तुलनेची पहिली पद्धतही झाली: फॉर्म कटर, म्हणजे दातांमधल्या खाचेच्या आकाराचा कटर, आणि डिव्हायडिंग हेड, ज्यात हँडलच्या ४० फेऱ्यांत काम एकदा फिरतं.

४० भागिले ३३, म्हणजे हँडलचा एक पूर्ण फेरा आणि ३३ होलच्या प्लेटवर ७ होल. मिस्त्रीकाकांनी सेक्टर आर्म (होल मोजून ठेवणारे दोन हात) लावून दिले आणि म्हणाले, मोजत बसू नको, आर्मवर विश्वास ठेव, आणि फोन बंद कर. बरोबर आहे, तेहेतिसातला एकही होल चुकला तर ब्लँक (दात पाडायची चकती) भंगारात. प्रत्येक दाताला दोन पास, सेटिंग धरून एका गिअरला तीन तास गेले. पिनियन सोपा, दर दाताला बरोबर दोन फेरे.

या पद्धतीची खरी अडचण मेहनत नाही, आकार आहे. मॉड्यूल कटरचा सेट आठचा असतो. त्यातला एक २६ ते ३४ दातांसाठी, पण त्याचा आकार घासलेला असतो २६ दातांच्या हिशोबाने. दुसरा एक १७ ते २० साठी, आकार १७ चा. आमचे ३३ आणि २० दोन्ही आपापल्या रेंजच्या टोकाला, म्हणजे चूक जास्तीत जास्त जिथे असते तिथेच. आणि करेक्शन फॉर्म कटरने नीट देताच येत नाही, कटर वर उचलला तर दात जाड होईल पण बाजूची वक्ररेषा जुन्याच जागेची राहील.

बसवून चालवलं. चालतं. पण सेंटर एक मिलिमीटर लांब असल्यामुळे बॅकलॅश नेहमीपेक्षा पाऊण मिलिमीटरने वाढलाय आणि पिठाचा गोळा उलटताना दर वेळी टक् असा आवाज. मावशीला सांगितलं, एका वेळी अर्धाच घाणा घाल, महिनाभर.

१७ जानेवारी

उत्तरायणात दोन दिवस सगळं बंद होतं, आज हॉबिंगला गेलो. जीआयडीसीतच एका भाईंचं शॉप, दोन मशीन, एक सीएनसी आणि एक जुनं पूर्व जर्मन, डब्ल्यूएमडब्ल्यू ब्रँडचं. जुन्याच्या प्लेटवर कोरलंय: कार्ल-मार्क्स-श्टाट. हे नाव १९५३ ते १९९० एवढंच होतं, त्याच्या आधी आणि नंतर ते शहर केमनिट्झ. आणि केमनिट्झमध्येच १८९७ मध्ये हरमान फाउटरने स्पर (सरळ दातांचे) आणि हेलिकल (तिरक्या दातांचे) दोन्ही गिअर कापणाऱ्या हॉबिंग मशीनचं पेटंट घेतलं. म्हणजे ज्या गावात ही पद्धत उभी राहिली तिथलं मशीन मकरपुऱ्यात रोज चालतंय, मला त्या प्लेटवरून हात फिरवावासा वाटला आणि फिरवला.

भाईंनी आम्हाला जुन्यावर घेतलं. हॉब म्हणजे एक वर्म (स्क्रूसारखा दांडा), त्याला खाचा पाडून कापणाऱ्या धारा केलेल्या. सिंगल स्टार्ट (एकच आटा असलेल्या) हॉबचा एक फेरा झाला की ब्लँक बरोबर एक दात सरकतो, ३३ फेऱ्यांत ब्लँकचा एक फेरा, हे नातं मागच्या चेंज गिअरनी बांधलेलं. सरळ दातांसाठीसुद्धा हॉब थोडा तिरका लावतात, हॉबवर कोरलेला लीड अँगल असतो तेवढा, आमचा दोन अंशांच्या जरा पुढे होता. आणि इथे दाताचा आकार कुणी घासून ठेवलेला नाही, हॉबची धार सरळच आहे, ब्लँक फिरता फिरता ती सरळ धार त्यातून इनव्होल्यूट काढते. त्यामुळे २.५ चा एकच हॉब ३३ ला चालतो, २० ला चालतो, १०० लाही चालेल, आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा खरा आकार मिळतो.

करेक्शन द्यायचं म्हणजे काय केलं? ब्लँक मोठा टर्न करून आणला होता आणि हॉब ०.३७५ बाहेर ठेवला. बस, एवढंच. परवा मिलिंगवर जे होत नव्हतं ते इथे एका हँडलच्या मापाचं काम. मी दोनदा विचारलं, भाई म्हणाले, "अहो, धार तीच, दात फक्त इनव्होल्यूटचा पुढचा तुकडा घेतो."

वेळ: हॉब ७० चा, ११४ आरपीएम, फीड ब्लँकच्या फेऱ्याला २ मिलिमीटर. गिअर २५ रुंद असला तरी हॉबला आत शिरायला साधारण १९ मिलिमीटर जादा चालावं लागतं, त्यामुळे एका गिअरला सात मिनिटं. तेच चार ब्लँक एकावर एक लावले तर ते शिरणं एकदाच, चौघांना मिळून अठराच्या आत, म्हणजे गिअरला साडेचार. माझे तीन तास डोळ्यासमोर आले. अर्थात आर्बर (ब्लँक धरणारा दांडा) लावून ब्लँक डायलवर खरा करायला अर्धा तास गेला, तो एक गिअर असो की चार, जातोच. भाईंचा आर्बर लावलेला होता म्हणून मोठे गिअर मी चार पाडून घेतले, मावशीच्या ओळखीत अशाच तीन मशीनवाल्या आहेत.

स्पॅन मोजला, २७.१८. पाहिजे तसा. दाताच्या अंगावर नख फिरवलं तर फीडच्या बारीक लाटा लागतात, आणि उजेडात तिरका धरला तर आकार बारीक बारीक सपाट पट्ट्यांनी बनलेला दिसतो, हॉबच्या प्रत्येक धारेची एक पट्टी.

२० जानेवारी

वायरकट, म्हणजे वायरवरच्या ठिणगीने कापणं. एक पिनियन मुद्दाम तिथे दिला, आधीच हार्ड केलेल्या स्टीलमधून. फायदा तोच, आधी कडक करा, मग कापा, म्हणजे कापल्यावर वाकडं व्हायला काही उरत नाही. कुठला कटर नको, डीपी असो की मॉड्यूल, करेक्शन असो नसो, ड्रॉइंगची फाइल दिली की झालं. एकच जुना गिअर करायचा असेल तर मला हीच पद्धत सगळ्यात जवळची वाटते. १० डीपीचा मूळ गिअरही असा होऊ शकला असता.

पण फाइल भाचीने बनवली होती त्यात मुळाशी साधा गोल रेडियस, तर ऑपरेटरनेच विचारलं, मुळाचा कर्व्ह असाच हवाय का. हॉब मुळाशी जो कर्व्ह आपोआप सोडतो तो इथे काढून द्यावा लागतो, मशीन दिलेलं निमूट कापतं. फाइल सुधारून मग लावलं. मोलिब्डेनमची वायर, २० दातांचा परीघ आणि २५ जाडी, पावणेतीन तास. पृष्ठभाग राखाडी, वाळूच्या बारीक कागदासारखा. ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेला पातळ थर वर राहतो, तो ठिसूळ असतो, जास्त लोडच्या गिअरला तिथून तडे सुरू होतात, म्हणून वरून एकदोन हलके पास घेतात. आणि आरपार सरळ असेल तेच कापता येतं, मधे कॉलर असला की संपलं.

२५ जानेवारी

खरा पिनियन २०एमएनसीआर५ स्टीलमधून, हॉबिंग करून कार्बुरायझिंगला दिला होता, आज आला. पिनियन गिअरच्या दीडपटीहून जास्त फिरतो, आधी तोच झिजणार, म्हणून त्याला कडक कातडी हवी. ९२० अंशांच्या आसपास कार्बन मुरवून तेलात बुडवतात, वरून कडकपणा ६० एचआरसीच्या आगेमागे आणि आत मऊ.

जाण्याआधी स्पॅन १९.६०, रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) तीन शतांश. आल्यावर स्पॅन १९.६३, रनआउट सात शतांश, बोअर (मधलं भोक) तीन शतांश आवळलेला. भट्टीवाल्याची चूक नाही, स्टील असंच वागतं. पण तुलना करताना लोक हॉबिंग किती अचूक, शेपिंग किती अचूक यावरच बोलतात आणि भट्टी विसरतात, तिथेच सगळी अचूकता हलते. गाडीच्या गिअरबॉक्समध्ये म्हणूनच भट्टीनंतर दात ग्राइंड करतात, रायशावरसारख्या मशीनवर वर्मच्या आकाराचा दगड हॉबसारखाच फिरतो आणि काही शतांशाचा थर काढतो. किंवा भट्टीआधी शेव्हिंग (दात बारीक खरवडणं) करून, भट्टीत किती हलणार त्याचा अंदाज आधीच दातात धरतात.

आम्हाला ४८० आरपीएमला ग्राइंडिंगची गरज नाही. मिस्त्रीकाकांनी दातांच्या खाचांत तीन सारख्या पिना बसवून पिनियन त्या पिनांवर धरला आणि बोअर ग्राइंड केला, म्हणजे दात जिथे आहेत त्यांना धरूनच बोअर खरा झाला. रनआउट परत तीनवर. बघत असताना मी श्वास रोखून उभा होतो.

३० जानेवारी

भाचीबरोबर बसून उरलेल्या पद्धती, ज्या आम्ही केल्या नाहीत पण समजून घ्यायच्या होत्या.

शेपिंग, फेलोजचं, १८९६, अमेरिका. कटर स्वतःच एक गिअर, वरखाली मारत फिरतो. हॉबपेक्षा हळू, पण आतले दात काढता येतात, आणि दोन गिअर एकाच तुकड्यात चिकटून असतील तिथे हॉबला बाहेर पडायला जागा नसते, याला थोडीशी खाच पुरते.

पॉवर स्कायव्हिंग तिला फार आवडलंय. कटर शेपरसारखा पण तिरका, आणि दोघं सतत फिरतात, सोलल्यासारखं कापतात. आतल्या दातांना शेपरपेक्षा खूप जलद. पिटलरने पेटंट घेतलं १९१० मध्ये, पण दोन्ही स्पिंडल इतक्या वेगात एकमेकांशी अचूक बांधून ठेवणारं मशीन आणि तेवढा टिकणारा कटर तेव्हा नव्हता. सीएनसी आणि कोटेड कार्बाइड आल्यावर पद्धत जिवंत झाली. शंभर वर्षं एक बरोबर कल्पना वाट बघत होती, हे मला दिवसभर डोक्यातून जाईना.

पावडर मेटल: लोखंडाची पूड डायमध्ये दाबायची, ११२० अंशांच्या आसपास भाजायची, दात तयारच निघतात. घनता ७ च्या आसपास, पक्क्या स्टीलची ७.८५, म्हणजे आत भोकं राहतात, ताकद कमी पण तेल धरून ठेवतात. डायचा खर्च हजारोंच्या लॉटवरच निघतो. फोर्जिंगचंही तसंच, गाडीच्या डिफरन्शियलमधले बेव्हल बऱ्याच ठिकाणी थेट दातांसकट फोर्ज होतात.

प्लास्टिकचा विचार मी गंभीरपणे केला, खाण्याचं मशीन, ग्रीस नको, आवाज नाही. अॅसिटलचा मोल्ड करायचा तर आकसणं धरून साचा दोनेक टक्के मोठा लागतो, एका मशीनसाठी साचा शक्यच नाही. नायलॉनच्या जाड दांड्यातून हॉब करता येतो, तोच हॉब चालतो. पण नायलॉन ओलावा पिऊन फुगतं, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात ते नक्की फुगणार, शिवाय गोळा अडकला की झटका येतो त्यात दाताचा भरवसा वाटला नाही. स्टीलच राहू दे, ग्रीस फूड ग्रेडचं घालू.

२ फेब्रुवारी, रविवार

बसवलं. गिअर ईएन८ हॉब केलेला, पिनियन कार्बुराइज केलेला. दातांना निळा लावून हाताने फिरवलं, डाग दाताच्या मधोमध, रुंदीच्या तीन चतुर्थांशावर, एका टोकाला जरा जास्त. शाफ्टचा एक बेअरिंग ब्लॉक किंचित तिरका होता, खाली पाच शतांशाची शिम (पातळ पट्टी) दिली, डाग मधे आला. बॅकलॅश पंधरा शतांश.

मग मोटर लावली. मावशी दारात पदर धरून उभी होती, म्हणाली, "चालू केलंस का?" चालू होतं. पूर्ण घाणा घातला, पीठ गच्च झालं तेव्हा मोटरचा सूर खाली आला पण गिअरचा आवाज वेगळा काढता येईना. त्याच दिवशी वायरकटचा पिनियनही दहा मिनिटं लावून बघितला. चालला, बारीक सुसू असा आवाज येतो, खरखरीत पृष्ठभाग अजून बसलेला नाही. तो स्पेअर म्हणून तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवलाय. मिलिंगची जोडी काढून घेतली.

मावशीने सेव उसळ खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

१६ फेब्रुवारी

दोन आठवडे झाले. गार्ड काढून ग्रीस बोटावर घेतलं, वर्ख नाही. गिअरचा स्पॅन २७.१८, तोच. दातांवरच्या हॉबच्या लाटा मधल्या भागात पुसट होऊन चकाकी आलीय, मुळाशी आणि टोकाला अजून आहेत, म्हणजे घासतंय ते जिथे घासायला हवं तिथेच.

बाकीच्या तीन मशीनपैकी दोन बघून आलो. एकीचं सेंटर ६७.३, तिला हाच गिअर चालेल. दुसरीचं ६६.२५ निघालं, तिचं मूळचंच मॉड्यूलमध्ये आहे, तिला हा चालणार नाही, साधा बिनकरेक्शनचा पाडावा लागेल. भाईंना सांगून ठेवलंय. तिसरी वाडीत आहे, मंगळवारी डिस्क मायक्रोमीटर घेऊन जायचंय. मावशीच्या गार्डच्या आतल्या बाजूला पत्र्यावर नंबर पंचने ठोकून आलो: ३३/२०, मॉ २.५, २० अंश, करेक्शन ०.१५ आणि ०.३०, सेंटर ६७.३१.